मोतमाऊलीला मेणाचा हात का वाहतात?

करी रोडला उतरणाऱ्या माणसाला नवस म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर १९३४ पासून लालबागचा राजा बसतो आणि नवसाच्या रांगेत लोक तासन् तास उभे राहतात. इथूनच चालत लोअर परळ गाठून पश्चिम रेल्वेची लोकल पकडली की माहीम आणि वांद्र्याला नवसाचं आणखी एक रूप पाहायला मिळतं. तिथला नवस मेणाचा असतो.

ही ठिकाणं कोणती?

वांद्र्याच्या टेकडीवरचं माउंट मेरी चर्च म्हणजेच मोतमाऊली. पोर्तुगीज भाषेत डोंगराला ‘मोंत’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडल्याचं मानलं जातं. वसईच्या मोहिमेच्या धामधुमीत, १७३८ मध्ये इथलं जुनं प्रार्थनास्थळ उद्ध्वस्त झालं. मेरीची मूर्ती काही वर्षं माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये होती, असं सांगतात. आजची इमारत १९०४ ची. ८ सप्टेंबरच्या सुमारास इथं आठवडाभर जत्रा भरते. माहीमला १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे विशेष प्रार्थना होते. दोन्हीकडे सर्व धर्मांचे लोक येतात.

मेणाच्या वस्तू कोणत्या?

साध्या मेणबत्त्या तर असतातच. शिवाय हात, पाय, डोळे, हृदय असे अवयव मिळतात. पाय दुखतोय तर पाय, मूल हवं तर बाळ, स्वतःची खोली हवी तर घर, परदेशी जायचं तर विमान. चर्चच्या शिकवणीनुसार शक्ती मेणात नसते. ती वस्तू म्हणजे प्रार्थनेची खूण. ती वाहायला कोणती भाषा यावी लागत नाही की कुठली प्रार्थना पाठ असावी लागत नाही.

त्या बनतात कशा?

मेण वितळवून दोन भागांच्या साच्यात ओततात. थंड होताना मेण किंचित आकसतं, त्यामुळे साच्यातून अलगद सुटतं. मग जोडावर राहिलेली कड सुरीने तासायची. वात घालायची असेल तर ती मेण घट्ट होण्याआधीच घालावी लागते.

ही प्रथा फक्त मुंबईचीच का?

नाही. ग्रीसमधल्या कोरिंथ इथं आरोग्यदेवता अस्क्लेपियसच्या मंदिरात सुमारे २,३०० वर्षांपूर्वी भाजक्या मातीचे हातपाय वाहिलेले सापडले आहेत. पोर्तुगालच्या फातिमाला आजही मेणाचे अवयव वाहतात, तर तमिळनाडूच्या वेलंकन्नीला धातूचे. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे आणि नवसाचा पाळणा वाहतातच.

मग मेणच का?

चांदी सगळ्यांना परवडत नाही, मेण परवडतं. पण त्यामुळेच या कलेची नोंद राहत नाही. कोरिंथची माती संग्रहालयात जपून ठेवली आहे. मेणाचं घर मात्र वितळून जातं आणि ते घडवणाऱ्याचं नाव कुठंच लिहिलेलं नसतं. साचे वापरणारे हात कामाला आहेत तोवरच ही कला आहे.

म्हणून पुढच्या वेळी मोतमाऊलीला गेलात तर पायऱ्यांजवळच्या स्टॉलवर दोन मिनिटं थांबा. कोणते आकार मांडलेत ते पाहा. लोक सध्या काय मागतायत, हे तिथंच कळेल.