आष्टीचा जमाव आणि रणांगणावरील शिपाई

वर्धा शहरास लागूनच पिपरी मेघे हें गांव आहे. अहिंसेचें पीठ म्हणून जगास ठाऊक असलेलें सेवाग्राम तेथून दूर नाहीं. आणि आष्टीही याच जिल्ह्यांत आहे.

१६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस होता. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या जमावावर गोळीबार झाला, माणसें पडलीं, आणि खवळलेल्या जमावानें फौजदार व शिपाई यांस ठार केलें. त्याच दिवशीं तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथें उपविभागीय अधिकारी व नायब तहसीलदार जमावाच्या हातून मारले गेले. खटले विशेष न्यायालयांपुढें चालले आणि अनेकांस फांशीची शिक्षा झाली.

त्याच सुमारास आफ्रिकेच्या वाळवंटांत माणसें मारणाऱ्या शिपायास पदकें मिळत होतीं. (पदक मिळालेल्या शिपायास सुखाची झोंप लागत असे, असें मात्र कोणीं समजूं नये.) मग आष्टीच्या शेतकऱ्यास दोर कां? जनतेनेंही एका परक्या सत्तेशीं युद्धच पुकारलें होतें, असें पुष्कळांचें म्हणणें होतें. तें सहज झिडकारण्यासारखें नाहीं. परंतु तें कसोटीला लावून पाहिलें पाहिजे.

१९०७ सालच्या हेग करारानें लढणाऱ्यांवर जीं बंधनें घातलीं, त्यांपैकीं दोन अशीं. त्यांच्यावर जबाबदार असा नायक हवा, आणि शस्त्र खालीं ठेवून शरण आलेल्यास मारतां कामा नये. म्हणजे युद्धांतील वधास जें कांहीं समर्थन आहे, तें ‘मारा’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यामुळें नव्हे, तर ‘पुरे’ म्हणूं शकणाऱ्या अधिकाऱ्यामुळें. जमावाला असा नायक नसतो. त्यांत प्रत्येक हात आपलाच न्यायाधीश होतो, आणि शेवटचा घाव कोणाचा हें त्यालाही सांगतां येत नाहीं.

१९२२ च्या फेब्रुवारींत चौरीचौरा येथें जमावानें २२ पोलिसांस मारलें, तेव्हां गांधींनीं अवघी चळवळ थांबविली. १९४२ सालीं तसें कोण थांबविणार? ९ ऑगस्टलाच गांधी व काँग्रेसचे पुढारी पकडले गेले होते. ज्यांचा शब्द लोकांनीं मानला असता, त्यांनाच सरकारनें उचलून नेलें. या दोषाचा वांटा सरकारच्या पदरांत घातलाच पाहिजे. तथापि त्यामुळें मेलेल्या फौजदाराचें रक्त धुतलें जात नाहीं. तोही कोणाचा तरी कर्ता पुरुष होता.

मात्र नायक असला म्हणजे ‘पुरे’ हा शब्द उच्चारला जातोच, असें नाहीं. घटनेनंतर चिमुरांत फौज आली. तिला अधिकारी होते, हुकूम होते, गणवेश होता. तरी स्त्रियांवरील अत्याचारांच्या तक्रारी गांवांतून बाहेर आल्या. त्यांच्या चौकशीसाठीं सेवाग्रामच्या प्रा. भणसाळींनीं ६३ दिवस उपवास केला. तो १९४३ च्या जानेवारींत सुटला.

पुढें या कैद्यांचे प्राण वांचविण्याकरितां नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनीं जिवापाड खटपट केली, आणि गांधींनींही व्हाइसरॉयकडे रदबदली केली. चौरीचौऱ्यामुळें चळवळ थांबविणाऱ्यानें आष्टीकरांसाठीं शब्द टाकावा, यांत विसंगती नाहीं. हत्या निंद्य होती असें मानणाराच दुसरी हत्या थांबवा असें निःसंकोच म्हणूं शकतो. १९४५ सालीं, ज्या ऑगस्टांत हिरोशिमावर अणुबाँब पडला त्याच सुमारास, उरलेल्या सात जणांची फांशी रद्द होऊन त्यांना जन्मठेप झाली.