शक्तिप्रवाह नियंत्रकांचे प्रतिमान

थ्री-फेज वीजजाळ्यात कोणत्या वाहिनीतून किती शक्ती जावी हे ठरवणाऱ्या साधनांचे गणिती रूप. वाहिनीतील सक्रिय शक्ती मुख्यतः दोन टोकांची व्होल्टता, त्यांच्यातील कोनांतर आणि वाहिनीचा रिअॅक्टन्स यांवर अवलंबून असते. फेज-शिफ्टिंग ट्रान्सफॉर्मर कोन बदलतो, थायरिस्टर-नियंत्रित सीरिज कपॅसिटर रिअॅक्टन्स बदलतो, तर यूपीएफसी (युनिफाइड पॉवर फ्लो कंट्रोलर) तिन्हींवर परिणाम घडवतो. यूपीएफसीची कल्पना लास्लो ग्युग्यी यांची. पहिले मोठे संयंत्र अमेरिकेत केंटकीतील आयनेझ उपकेंद्रात 1998 मध्ये सुरू झाले. त्यात प्रत्येकी 160 एमव्हीए क्षमतेचे दोन कन्व्हर्टर होते.

यूपीएफसीच्या रूढ प्रतिमानात एक व्होल्टता-स्रोत वाहिनीशी एकसरीत, दुसरा बसला (जाळ्यातील जोडबिंदूला) समांतर जोडतात. हे स्रोत ज्यांचे रूप आहेत ते दोन्ही कन्व्हर्टर एकाच डीसी दुव्यावर असल्याने, हानी वगळल्यास, एकाने घेतलेली सक्रिय शक्ती दुसऱ्याने द्यावीच लागते. ही अट जाळ्याच्या समीकरणांत मिळवून न्यूटन-रॅफसन पद्धतीने सर्व राशी एकत्र सोडवतात.

तिन्ही फेज संतुलित मानून एकाच फेजचे गणित करणे सोयीचे खरे, पण ट्रान्सपोझिशन (फेजतारांच्या जागांची अदलाबदल) नसलेल्या वाहिन्या आणि एकफेजी भार असले की ते फसवे ठरते. तेथे प्रत्येक फेजचा स्रोत वेगळा धरावा लागतो, वाहिनीसाठी 3×3 मॅट्रिक्स वापरून फेजमधील परस्पर प्रेरण मोजावे लागते. जोडणी ट्रान्सफॉर्मरच्या डेल्टा गुंडाळीकडेही दुर्लक्ष चालत नाही, कारण ती शून्य-क्रम प्रवाह वाहिनीत जाऊ देत नाही. कन्व्हर्टरच्या विद्युतप्रवाहाची मर्यादाही प्रत्येक फेजसाठी स्वतंत्रपणे तपासतात. ती ओलांडली गेल्यास इच्छित शक्तिमूल्य सोडून मर्यादेवरच उत्तर काढतात.