लामतुरे संग्रह, तेर

सोलापूरच्या उत्तरेस, धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेला सातवाहनकालीन पुरावस्तूंचा संग्रह. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडली. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर होते. तेथील साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाई व तेथून रोमन जगात पोहोचे.

या व्यापाराच्या खुणा तेरच्या पांढरीच्या टेकाडांत सापडतात. रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडवलेली भाजक्या मातीची पदके त्यांपैकी लक्षणीय होत. ओवण्यासाठी सोय असलेली ही पदके चलन नव्हती, ती दागिने म्हणून वापरली जात. परदेशी नाण्याचे आकर्षण स्थानिक कारागिरीत कसे उतरले, हे त्यांतून कळते. संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे.

१९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तेर येथे उत्खनन केले. लामतुरे यांचा संग्रह पुढे शासनाकडे आला. त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेरमध्ये आहे. विखुरला असता असा हा ठेवा एका गावकऱ्याच्या चिकाटीमुळे त्याच्या मूळ गावीच अभ्यासकांना उपलब्ध झाला, हे या संग्रहाचे मोठे महत्त्व होय.