डोडोचे धाकटे भावंड

मॉरिशस म्हटले की आपल्याला ऊस आठवतो, आणि उसाबरोबर आठवतात ती १८३४ नंतर मजुरीसाठी समुद्र ओलांडून तिकडे गेलेली कोकणातली माणसे. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही तेथे गणपती बसवितात. परंतु या बेटाची आणखी एक कहाणी आहे, आणि ती माणसांच्याही आधी तेथे राहणाऱ्या कबुतरांची आहे.

१५९८ साली डच खलाशी येथे उतरले, तेव्हा त्यांना डोडो भेटला. उडता न येणारा हा लठ्ठ पक्षी कबुतरांच्याच कुळातला. शंभर वर्षांच्या आत तो नामशेष झाला. माणसांनी मारले ते थोडेच. जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी त्याची अंडी-पिल्ले फस्त केली. पुढे त्याच कुळातले निळे कबूतरही गेले. उरले एक गुलाबी कबूतर.

फिक्या गुलाबी अंगाचा आणि तांबूस शेपटीचा हा पक्षी जगात दुसरीकडे कोठेही सापडत नाही. उसासाठी जंगले तुटली. उत्तम स्थितीतले मूळ अरण्य आज दोन टक्केही उरलेले नाही. उंदरांच्या बंदोबस्तासाठी मुंगूस आणले, तर तेही पाखरांवरच उठले! १९९०च्या सुमारास रानात जेमतेम दहा पक्षी राहिले होते. त्यांना आसरा दिला तो माणसाने परदेशातून आणून लावलेल्या जपानी देवदारांनी, कारण त्यांच्या टोचऱ्या, दाट फांद्यांत माकडांचा हात सहज पोचत नसे.

सुदैवाने सावध माणसे आधीच कामाला लागली होती. १९७६ साली जेराल्ड ड्युरेल हे प्राणिप्रेमी लेखक येथे आले. काही कबुतरे धरून मॉरिशसमध्ये व दूरच्या जर्सी बेटावर त्यांची पैदास सुरू झाली. १९७९ साली आलेल्या कार्ल जोन्स यांनी हे काम नेटाने पुढे नेले. आईबाप अंडी नीट उबवीनात, तेव्हा ती पाळीव होल्यांच्या पोटाखाली ठेवण्यात आली, आणि दाई-मावशींनी परकी पिल्ले मोठी केली. १९८७ पासून हे पक्षी रानात सोडले गेले. ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांत आणि किनाऱ्याजवळच्या इल ऑ एग्रेत या चिमुकल्या बेटावर ते पुन्हा घुमू लागले.

आता त्यांची संख्या काही शेकड्यांत आहे. २०१८ साली जागतिक यादीत त्यांचा धोक्याचा दर्जा आणखी एक पायरी सौम्य झाला. तथापि काम संपलेले नाही. सारे पक्षी मूठभर पूर्वजांचे वंशज असल्याने त्यांचे रक्त दुबळे आहे, रोगही जडतात. म्हणून आजही त्यांच्यासाठी रानात दाणे मांडावे लागतात, उंदीर-मांजरांचे पिंजरे लावावे लागतात. डोडोच्या वाट्याला असा शेजार आला नाही. त्याच्या धाकट्या भावंडाला तो लाभला, आणि तोही अगदी शेवटच्या घटकेला.