मोत्याचा बाजारभाव

विम्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं: ज्याची किंमत ठरते, त्याचाच विमा उतरतो. बी.कॉम.ला हे वाक्य पाठ करून मी बऱ्यापैकी मार्क मिळवले होते. त्या वेळी आमच्या घरात कुत्रा नव्हता, त्यामुळे ते पटलंही होतं. आता घरात मोत्या आहे. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या एका नालीकाठून आमच्या चिरंजीवांनी त्याला उचलून आणला. विम्याच्या फॉर्मवर ‘जात’ या रकान्यात मी ‘गावठी’ लिहिलं आणि ‘किंमत’ या रकान्यापाशी पेन अडलं. बाजारभावानं पाहिलं तर मोत्या म्हणजे शून्य रुपये. सौभाग्यवती म्हणाल्या, “तुमची तरी बाजारभावानं किती येते?” मी फॉर्म घडी करून ठेवला आणि इतिहासाकडे वळलो. अडचणीत सापडलेला माणूस नेहमी इतिहासाकडेच वळतो.

आपल्याकडे जनावरांच्या विम्यात मान मिळाला तो बैलाला आणि दुभत्याला. वऱ्हाडी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. बैल गेला की वखर थांबतो, वखर थांबला की कपाशी थांबते. थांबत नाही तो फक्त सावकार. १ जानेवारी १९७३ पासून साधारण विम्याचा धंदा सरकारकडे आला आणि १०७ कंपन्यांच्या चार झाल्या. पुढे गुरांचा विमा बँकेच्या कर्जाचं शेपूट धरून खेडोपाडी पोचला. २ ऑक्टोबर १९८० ला एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला. म्हैस कर्जावर, कर्ज विम्यावर आणि विमा म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यावर! बिल्ला नाही तर क्लेम नाही, हा या धंद्याचा वेदमंत्र. आमच्या शाखेतले निवृत्त हेडक्लार्क सांगतात की, एका शेतकऱ्यानं पुराव्यात कसर नको म्हणून बिल्ला कानासकट कागदात गुंडाळून थेट काउंटरवर ठेवला होता. कॅशियरनं त्या दिवशी डबा उघडला नाही. आता गायी-म्हशींच्या कानात १२ आकडी नंबराचा पिवळा बिल्ला असतो. माणसाच्या आधारलाही आकडे तेवढेच. त्या बाबतीत तरी समानता आली म्हणायची.

कुत्रा या रांगेत बराच मागे उभा होता. त्याची पहिली पॉलिसी १९२४ साली स्वीडनमध्ये निघाली असं सांगतात. अमेरिकेत १९८२ साली निघाली ती टीव्हीवरच्या लॅसीच्या नावावर. आता लॅसी कमावती! ती आजारी पडली तर शूटिंग बंद, म्हणजे तीही एका अर्थी बैलच. आपल्याकडे सरकारी कंपन्यांच्या पॉलिसीत प्रश्न मुख्यतः कुत्रं मेलं तर काय, एवढाच असे. २०२० साली बजाज अलियान्झनं पाळीव कुत्र्यांची पॉलिसी काढली, तिच्यात ऑपरेशन, दवाखान्याचा मुक्काम, कुत्रं हरवणं, एवढंच काय, त्यानं तिऱ्हाइताचं नुकसान केलं तर तेही घेता येऊ लागलं. आणि गावठीलाही दार उघडं!

ही बातमी मी शाखेत उत्साहानं सांगितली. आमचे शिपाईमामा शांतपणे म्हणाले, “भाऊ, माह्या बैलाचा इमा अजून व्हाचा हाय, अन् तुमी कुत्र्याचा काहाडता?” यावर उत्तर नव्हतं. दुपारच्या चहाचे पैसे मी दिले.

तरी विषय डोक्यातून जाईना, याला कारण आमचे शेजारी. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या कुत्र्यानं आंब्याची कोय गिळली. ती आतड्यात अडकली. रातोरात त्याला घेऊन ते अकोल्याला निघाले. अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तासांत टाकून विक्रम झाला होता, म्हणून निदान रस्ता तरी आडवा आला नाही. तिथल्या एका डॉक्टरांनी कोय पाहिली आणि खर्चाचा आकडा सांगितला. शेजारी म्हणतात, “आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे पाहत होतो आणि पोरगी फक्त माझ्याकडे.” त्यांनी ‘करा’ म्हटलं. कुत्रं वाचलं, आता पुन्हा आंब्याच्या पेटीभोवती फिरतं. पण ‘करा’ म्हणायला अर्धा मिनिट लागला, तो अर्धा मिनिट त्यांना अजून बोचतो.

माझ्या मते कुत्र्याच्या विम्याचा हिशेब इथून सुरू होतो. बैलाच्या मरणानं घराचं उत्पन्न बुडतं, म्हणून मरणाचा विमा. मोत्याच्या मरणानं जे बुडेल ते कुठल्याच खात्यात जमा नाही; त्याची भरपाई घेऊन मी करू काय? विमा हवा तो त्या अर्ध्या मिनिटाचा.

बँकेतला माणूस म्हणून पहिल्यांदा रिकरिंगच सुचलं. महिना पाचशे, पाच वर्षांत तीस हजार, वर व्याज. विम्याचा हप्ता कुत्रं धडधाकट राहिलं की गेला, रिकरिंग आपलीच. पण कोय पाच वर्षं थांबत नाही. ती दुसऱ्या महिन्यात अडकली तर पासबुकात हजार रुपये! बचत आणि विमा यांत फरक आहे तो एवढाच. उलट विमेवालेही सावध. पिल्लाला पार्व्होची सगळ्यात जास्त भीती सुरुवातीच्या महिन्यांत. १९७८ च्या सुमारास हा रोग जगभर पसरला. पण फार कोवळ्या पिल्लाला पॉलिसी नाही, आणि पुढेही लसीचं कार्ड दाखवा म्हणतात. शिवाय बरेचदा आधी खिशातून भरायचं आणि मग बिलं लावायची.

तेव्हा आमच्या घरी क्रम ठरला तो असा. आधी लस, रेबीजची सुद्धा. एवढ्या स्वस्तात दुसरा विमा नाही. मग ऑपरेशन आणि तिऱ्हाइताचं नुकसान एवढ्यापुरती पॉलिसी, कारण वीज मीटर वाचायला येणाऱ्यावर मोत्याचा जुना राग आहे. मरणाचं कलम नको. आणि बिलं मंजूर होईपर्यंत हाताशी असावी म्हणून सौ.च्या नावानं रिकरिंग. मोत्याच्या नावानं उघडली असती, पण त्याची सही जुळत नाही.

हप्ता किती ते मी पहिल्यांदा मोत्यालाच सांगितलं. त्यानं शेपूट हलवली. हप्त्याचा आकडा इतक्या समाधानानं ऐकणारा ग्राहक आमच्या शाखेत आजवर आलेला नाही.