तो तुकडा पुढे कुठे जातो?

मागच्या वर्षी कल्याणला माझ्या आत्याची बायोप्सी झाली. रिपोर्ट चांगला आला. रिक्षातून घरी येताना तिने सहज विचारलं, "अगं, तो काढलेला तुकडा पुढे कुठे जातो?" मी पेशींवरच पीएचडी करते, रोज डोंबिवलीहून लोकल पकडून लॅब गाठते. तरी मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर हा प्रश्न स्वतःला आधीच विचारून ठेवा.

हेला पेशींचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या घेतल्या. तिला न विचारता. डॉ. जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये त्या वाढतच राहिल्या. ती मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ३१व्या वर्षी गेली. पोलिओ लशीच्या चाचणीत या पेशी कामी आल्या, जगभर विकल्या गेल्या. घरच्यांना कळलं ते १९७३ मध्ये. एका मोठ्या कंपनीने वारसांशी समझोता केला तो थेट २०२३ मध्ये.

आता आपल्याकडे या. याच गाय यांच्या लॅबमध्ये पुण्याच्या कमल रणदिवे पेशीसंवर्धन शिकल्या. १९४९ मध्ये पीएचडी झाल्यावर त्या तिकडे गेल्या आणि परत येऊन मुंबईत, परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात, त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून आलेला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. त्यावरून पुढे कुष्ठरोगावरची लस निघाली. त्या जिवाणूला संस्थेचं नाव मिळालं: आयसीआरसी. गाठ ज्याची, तो माणूस निनावीच राहिला.

यात रणदिवेंना दोषी ठरवायचं नाहीये. त्या वेळी देशात याबाबत मार्गदर्शक तत्त्वंच नव्हती. माणसांवरच्या प्रयोगांना संमती हवी, हे न्यूरेंबर्ग संहितेने १९४७ मध्ये सांगितलं होतं. पण काढून टाकलेली गाठ म्हणजे कचरा, तिचं काय विचारायचं, असा समज होता. खरी पळवाट तीच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पहिलं धोरण-निवेदन आलं १९८० मध्ये. तरीही १९७६ ते १९८८ या काळात दिल्लीत सरकारी संशोधनात १,१५८ बायकांच्या गर्भाशयमुखातले कर्करोगपूर्व बदल, उपचार न करता, नुसते पाहिले गेले. लेखी संमती नव्हती. १९९७ मध्ये हे बाहेर आलं, गदारोळ झाला. सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली २००० मध्ये. सध्याची आहेत २०१७ची.

या तत्त्वांनुसार, उरलेलं सॅम्पल पूर्ण निनावी असेल आणि धोका अगदी कमी असेल, तर एथिक्स कमिटी संमतीची अट माफ करू शकते. लक्षात घ्या, कमिटी माफ करू शकते. तुम्ही किंवा तुमचे गाईड नाही. आणि ही सवलत कामाची आहे: वीस वर्षं जुन्या पॅराफिन ब्लॉकचे रुग्ण शोधणार कुठे? पण नवीन रुग्ण समोर बसलेला असताना तीच सवलत मागणं म्हणजे आळस. हे मी स्वतःला सांगतेय, कारण माझ्या प्रस्तावाच्या पहिल्या खर्ड्यात मी नेमकं तेच केलं होतं.

आत्याला शेवटी हे सगळं सांगितलं: तुकडा मेणात बसवून जपून ठेवतात, कधीतरी माझ्यासारखी कुणी तो मागते. ती म्हणाली, "ठेवा की. नाही कोण म्हणतंय? पण एकदा विचारायचं ना."

मी खर्डा बदलला. तुम्हीही एक करा: तुमच्या लॅबचा मराठी संमतीपत्राचा नमुना घरात मोठ्याने वाचून दाखवा. आईला किंवा आत्याला कळला नाही, तर तो पुन्हा लिहा.