गोलाबराईची अकरावी रात्र

काळोख आहे. तुम्ही आंब्याच्या झाडावर, मचाणावर बसला आहात. १९२६ चा मे महिना, तारीख दोन. जागा गोलाबराई, रुद्रप्रयागच्या अलीकडे. खालून केदारनाथ-बद्रीनाथची यात्रेची वाट जाते. दिवसभर तिच्यावर अनवाणी पायांची रीघ होती. दिवेलागणीपासून मात्र चिटपाखरू नाही. १९१८ पासून या मुलखातल्या एका बिबळ्यानं सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली आहेत. अंधार पडला की गढवालात दाराला कडी लागते आणि लघवीलासुद्धा कोणी बाहेर पडत नाही.

शेजारी बसलेला माणूस पन्नास वर्षांचा आहे, जिम कॉर्बेट. ही त्याची या झाडावरची अकरावी रात्र. दहाच रात्री बसायचं त्यानं ठरवलं होतं. त्या वाया गेल्या, तरी तो आज पुन्हा वर चढला. खाली वाटेवर बकरी बांधली आहे, तिच्या गळ्यात घंटा. पलीकडे पंडिताच्या धर्मशाळेत यात्रेकरू दाटीवाटीनं झोपले आहेत. त्या पंडिताच्या गळ्यावर याच बिबळ्याच्या दातांचे वण आहेत. मरता मरता वाचला, आणि त्याच वाटेवर पुन्हा यात्रेकरूंना आसरा देत राहिला. या गोष्टीतला सर्वांत धीराचा माणूस मला तरी तोच वाटतो.

कॉर्बेटच्या मांडीवर रायफल आहे. हळूच हात लावा. अक्रोडाच्या दस्त्याची जिथं मूठ बसते, ती जागा हातानंच घासून गुळगुळीत झाली आहे. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची ही .२७५, खटका जर्मन मॉझर बनावटीचा. वाघाच्या शिकारीला लोक घेतात त्या जड दुनळीपुढे ही हलकी, पण नेमाला पक्की. दस्त्यावर बोटांना गार लागतो तो चांदीचा छोटा पत्रा. अंधारात वाचता येणार नाही; त्यासाठी १९०७ मध्ये चला.

चंपावत. २९८ माणसं डोंगरावरून आरडाओरडा करत हाका घालताहेत. नेपाळात आणि कुमाऊँत मिळून ४३६ माणसं मारलेली वाघीण खालच्या घळीत आहे. कॉर्बेटकडे तीन काडतुसं होती, ती संपली. शेवटचा बार तो तहसीलदाराच्या बंदुकीतून काढतो. तुम्ही रिग्बी शोधता, आणि ती इथं नाहीच! ती नंतर येते, संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांच्याकडून बक्षीस म्हणून. पत्र्यावर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख कोरलेला आहे. म्हणजे ही बंदूक ज्या प्रसंगाचं नाव अंगावर मिरवते, तो तिनं पाहिलेलाच नाही. तिनं काय पाहिलं, ते या आंब्यावर बसूनच कळेल. परत या.

वाटेवर मुक्कामाला थांबलेल्या एका मेंढरंवाल्याची कुत्री एकाएकी पिसाळल्यासारखी भुंकतात. मग गप्प होतात. श्वास रोखा. खालून काहीतरी वेगानं येतं आणि बकरीची घंटा खणखणते. कॉर्बेट रायफलीला बांधलेल्या बॅटरीचं बटण दाबतो. झोतात थेट बिबळ्याचा खांदा, आणि नेम आधीच त्यावर लागलेला. चाप ओढला जातो. त्याच क्षणी बॅटरी विझते.

गोळी लागली की नाही, कळायला मार्ग नाही. बाराचा आवाज दरीत घुमून विरला, आता फक्त अंधार. मारण्याला क्षणभर लागला. हे बसून राहणं उजाडेपर्यंत चालणार आहे. दस्ता असा गुळगुळीत कशानं झाला, ते आता तुम्हाला कळेल. चाप ओढून लाकूड झिजत नाही. अशा रात्री ते धरून बसावं लागतं.

उजाडल्यावर वाटेखाली एका खळग्यात बिबळ्या सापडतो. म्हातारा नर, पिकलेल्या तोंडाचा, मागच्या पंजाला जुन्या गोळीची खूण. ज्याला गावोगाव भूत मानत होते, तो एक थकलेला प्राणी निघतो. कॉर्बेटला त्याच्याबद्दल राग नाही. निसर्गाचा नव्हे, माणसाचा कायदा यानं मोडला, असं तो पुढे लिहील. मला हा न्याय मनापासून पटतो.

नंतरची वर्षं भराभर जातात. १९४४ मध्ये कुमाऊँच्या नरभक्षकांवरचं त्याचं पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कचेरीतून निघतं, आणि पुढे मराठी घरांतली मुलंही या कथा अनुवादातून वाचतात. १९४७ मध्ये कॉर्बेट बहिणीसह केनियाला जातो. १९५५ मध्ये न्येरीला त्याचं निधन होतं. रायफल प्रकाशकांकडे जाते, २०१५ मध्ये रिग्बी कंपनीकडे परतते आणि पुढच्या वर्षी कुमाऊँच्या भेटीला आणली जाते.

तिच्याभोवतीच्या गर्दीत शिरा. सगळे चांदीचा पत्रा वाचतील, त्याचे फोटो काढतील. तुम्ही मात्र विचारा, बॅटरी नेमकी कुठं बांधली होती? आणि कोणी ऐकायला थांबलंच, तर त्या पंडिताबद्दल आधी सांगा.